हँग होणारा डेस्कटॉप, न चालणारी रिकव्हरी: विंडोजचा पेनड्राइव्ह की लिनक्सचा?

डेस्कटॉप मध्येच गोठतो आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. रिकव्हरीत (विंडोजच्या दुरुस्तीच्या पाटीत) जावं तर ती उघडत नाही, किंवा उघडूनही कीबोर्डला दाद देत नाही. अशा वेळी घरच्या घरी दोन वाटा असतात: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करायची, नाहीतर लिनक्सच्या लाइव्ह, म्हणजे काही इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या, पेनड्राइव्हवर मशीन चालवून बघायचं. तिसरी वाट ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या दुकानाची. ती वाईट नाही, पण 'फॉरमॅट मारून देतो' हे उत्तर बऱ्याचदा तपासणीच्या आधीच मिळतं, आणि दुखणं रॅमचं असेल तर फॉरमॅटने ते जात नाही. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत कॅबिनेट घेऊन गोखले रोडवरून चालणं मला तरी झेपत नाही.

विंडोजच्या पेनड्राइव्हची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. मशीनमधली रिकव्हरी बिघडण्यात आपला दोष नसतोही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने त्यावर तातडीचं अपडेट काढलं. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कवर रिकव्हरीसाठी राखलेल्या कप्प्यात) २५० एमबी मोकळी जागा नसलेल्या मशीनवर अपडेटच अडकत होतं. पेनड्राइव्ह स्वतःची रिकव्हरी घेऊन येतो, त्यामुळे मशीनमधलं पार्टिशन धड आहे की नाही याने त्याला फरक पडत नाही. दुरुस्तीच्या ('रिपेअर') पर्यायातून आत गेलात की अपडेट काढता येतं, जुन्या रिस्टोअर पॉइंटवर जाता येतं, डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवता येतं. 'परवा अपडेट झालं आणि तेव्हापासून हे सुरू झालं' असं तुम्ही खात्रीने सांगू शकत असाल, तर हाच घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझ्या मशीनचं तसं नव्हतं. ते कधी ब्राउझरमध्ये गोठायचं, कधी नुसतं उभं असताना. इथेच मला या पेनड्राइव्हचा एक त्रास झाला आणि माझ्यापुरता निकाल लागला: तिथे वाट बघता येत नाही. निळी पाटी, चार-सहा पर्याय आणि कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी, बस्स. स्टार्टअप रिपेअर तर मशीन सुरूच होत नसेल तर कामाचं. जे मशीन छान सुरू होतं आणि मग अर्ध्या तासाने गोठतं, त्याच्यात त्याने शोधावं तरी काय? हँग होणारं मशीन पाळतीवर राहूनच पकडावं लागतं. त्यासाठी ते नेहमीच्या कामात चालू राहायला हवं, आणि दुरुस्तीच्या पाटीवर कोणी काम करत नाही.

लाइव्ह लिनक्समध्ये नेमकं तेच जमतं. मी लिनक्सचं मिंट वापरलं, उबुंटूही चालेल. इन्स्टॉल काही करायचं नाही, 'ट्राय' म्हणायचं, व्हिडिओ लावायचा, चार टॅब उघडायचे आणि आपल्या कामाला लागायचं. डिस्कवरचं विंडोज तेव्हा चालतच नसतं. तरीही मशीन गोठलं, तर संशय रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), उष्णता किंवा मदरबोर्डाकडे वळतो. गोठल्यावर नम लॉक दाबून बघा. दिवा बदलत नसेल, तर बहुधा फक्त पडदा नाही, अख्खं मशीन अडकलं आहे.

माझं मशीन लाइव्हमध्येही गोठलं. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवलं आणि सकाळी चुकांच्या लाल ओळी दिसल्या. दोनपैकी एक रॅम काढली, तिचे संपर्क खोडरबरने पुसून पुन्हा लावली, तरी त्याच ओळी. खाडीकाठच्या दमट हवेला बोल लावायचा मोह झाला, पण रॅमची पट्टी जुनी होती हेही खरं. ती बदलल्यावर गोठणं थांबलं. विंडोजला हातही लावावा लागला नाही.

लाइव्हच्या खोडीही सांगतो. मशीन पेनड्राइव्हवर चालतं तेव्हा तुमची डिस्क निवांत बसलेली असते, त्यामुळे डिस्कच आजारी असेल तर सगळं आलबेल वाटतं. म्हणून एखादा मोठा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर मुद्दाम कॉपी करा (बॅकअपही होऊन जातो), आणि लिनक्समधल्या 'डिस्क्स'मध्ये स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती उघडून रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या बिघडलेल्या आणि संशयित जागांचे आकडे) बघा; पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर कधीकधी लिनक्सच ड्रायव्हरपायी अडखळतं. अशा वेळी पेनड्राइव्हच्या सुरुवातीच्या यादीतल्या कम्पॅटिबिलिटी मोडमधून सुरू करा, नाहीतर उगाच रॅमवर आळ येईल. विंडोज नीट शटडाऊन झालं नसेल, तर त्याची डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. कॉपीला तेवढं पुरतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की दोन्हीकडे लागते. ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून ठेवा.

घरात दुसरा संगणक नसेल, तर पारडं आणखी कलतं. अँड्रॉइड फोन, फोनला पेनड्राइव्ह जोडणारी ओटीजी केबल आणि 'एचड्रॉइड' हे अ‍ॅप एवढ्यावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार होतो. विंडोजचा त्या अ‍ॅपने होत नाही. त्यासाठी शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह हवा. लॅपटॉप मिळालाच, तर 'व्हेंटॉय' टाकून एकाच पेनड्राइव्हवर दोन्हींच्या फाइल ठेवता येतात. तसं केलंत तरी मी आधी लिनक्सच सुरू करेन.

मशीन शांत झालं की विंडोजमध्ये अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'reagentc /info' देऊन बघा. रिकव्हरी 'डिसेबल्ड' (बंद) दिसली तर 'reagentc /enable' द्या. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं, तर पार्टिशनमधली जागा तपासा.