न्यूरेंबर्ग की ड्रेस्डेन? ख्रिसमस बाजारासाठी एकच शहर निवडायचं असेल तर

विमानाचं तिकीट काढण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जर्मनीतले हे दोन्ही बाजार २४ डिसेंबरला दुपारी आवरतात. मुलांना नाताळची सुट्टी लागली की निघू, असा बेत आपल्याकडे सर्रास होतो, आणि २५ तारखेला पोचलेल्या माणसाला मग नुसता रिकामा चौक बघावा लागतो. हे बाजार ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातले. नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि ज्या दिवशी आपल्याला सण सुरू झाला असं वाटतं, त्या दिवशी ते संपलेले असतात. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा मिळत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

मी एर्लांगेनला राहते. न्यूरेंबर्ग इथून रेल्वेने वीसेक मिनिटांवर. तरीही भारतातून येणारं कुणी 'एकच बाजार बघायचाय, कुठला बघू?' असं विचारतं, तेव्हा मी बहुतेकांना ड्रेस्डेनला पाठवते. सगळ्यांना नाही. का, ते सांगते.

जुना कुठला, हा पहिला प्रश्न असतो. कागदावर ड्रेस्डेन पुढे आहे. सॅक्सनीचा राजा फ्रीडरिख दुसरा (तिथल्या पदवीप्रमाणे इलेक्टर) आणि त्याचा भाऊ सिगिसमुंड यांनी १४३४ मध्ये नाताळाआधीच्या सोमवारी एक दिवस मांस विकायला परवानगी दिली. उपासाचे दिवस संपले की लोकांना सणाच्या जेवणासाठी मांस मिळावं, एवढाच त्यामागचा हेतू. त्या एका दिवसाचा पुढे महिनाभराचा 'श्ट्रीत्सलमार्क्ट' झाला. जवळच्याच बाउत्सेन शहराचा दावा तर १३८४ चा आहे. न्यूरेंबर्गच्या 'क्रिस्टकिंडलेसमार्क्ट'चा सर्वात जुना पुरावा म्हणजे लाकडाची एक लहानशी लंबगोल डबी. एका मुलीने दुसरीला बाजारातून घेऊन पाठवलेली ती भेट. बाजाराचं नाव आणि १६२८ हे साल तिच्यावर लिहिलेलं आहे, आणि ती न्यूरेंबर्गच्याच जर्मानिशेस नात्सिओनालम्युझियममध्ये जपलेली आहे. मला मात्र सालांच्या या शर्यतीत फारसं काही वाटत नाही. आज तिथे उभं राहिल्यावर त्या जुनेपणातलं काय हाताला लागतं, यावर निवड करावी.

न्यूरेंबर्गचं खरं बळ आहे सोहळ्यात. पहिल्या ॲडव्हेंटच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला हौप्टमार्क्ट चौकातले दिवे मालवतात, हजारो लोक मान वर करून उभे असतात, आणि फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जात सोनेरी मुकुट घातलेलं क्रिस्टकिंड प्रकट होतं. क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशूचं देवदूतासारखं रूप. मुलांना भेटवस्तू संत निकोलस देतो, ही कॅथलिक चाल मोडून प्रोटेस्टंटांनी तो मान येशूकडे दिला, त्यातून हे रूप घडत गेलं. १९६९ पासून ही भूमिका शहरातल्या १६ ते १९ वर्षांच्या मुलींमधून दर दोन वर्षांनी निवडून दिली जाते. उंचीची भीती असलेल्या मुलीला ते जमणार नाही, कारण सज्जा खरोखरच उंच आहे. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी ही न्यूरेंबर्गमध्येच जन्मलेली मुलगी निवडून आली. तिचे वडील भारतीय वंशाचे. एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या रूपावरून वंशद्वेषी पोस्ट टाकली, आणि मग शहरच नव्हे तर सगळा देश तिच्या पाठीशी उभा राहिला. त्या वर्षी सज्जाकडे बघताना आमच्यासारख्या इथे राहणाऱ्या भारतीयांचा ऊर भरून आला होता.

पण हा सोहळा फार प्राचीन आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार या चौकातून हटवला गेला होता. १९३३ मध्ये नाझी सत्तेने तो समारंभपूर्वक परत आणला आणि उद्घाटनाचं नाट्य रचलं. तेव्हा या चौकाला हिटलरचं नाव होतं. युद्धाने जुनं शहर बेचिराख झालं, १९४८ मध्ये बाजार पुन्हा भरला, आणि क्रिस्टकिंडच्या तोंडी आलेलं नवं स्वागतकाव्य त्या राखेतून उठणाऱ्या शहराचं होतं. आणखी मागे गेलं तर १३४९ मध्ये याच जागेवरची ज्यूंची वस्ती उद्ध्वस्त करण्यात आली. फ्राउएनकिर्श त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी उभं आहे. मी पाहुण्यांना हे सांगते. चौक बघायचा तर सगळा बघावा.

ड्रेस्डेनच्या आल्टमार्क्ट चौकाच्या पोटातही असंच दुःख आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांनंतर हजारो मृतदेहांना याच चौकात अग्नी द्यावा लागला. आज तिथे प्रकाशाने लखलखणारा, १४ मीटरहून उंच लाकडी पिरॅमिड, म्हणजे बाहुल्यांचे मजले असलेला मनोरा, फिरत असतो.

आता ड्रेस्डेनचं बळ सांगते. ते म्हणजे हातांचं काम. शहराच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्गं नावाचे डोंगर आहेत. तिथे शतकानुशतकं चांदी आणि कथिलाच्या खाणी चालल्या. खाणी आटत गेल्या तसे खाणकामगार लाकडाच्या कातकामाकडे वळले. आज जगभर दिसणारे अक्रोड फोडणारे लाकडी शिपाई, तोंडातून धूर सोडणारे म्हातारे, कमानीसारखे मेणबत्तीचे दिवे यांतलं बरंच काही त्याच खेड्यांतलं. यातलं एक काम जवळून बघाल तर थक्क व्हाल. झायफेन गावचा कारागीर ओल्या स्प्रूसच्या ओंडक्याची चकती लेथवर चढवतो आणि वेगवेगळ्या पटाशांनी आतून-बाहेरून खाचा पाडत जातो. शेवटी हातात येतं एक गोल कडं, ज्याच्याकडे बघून काहीच उमगत नाही. मग तो सुरीवर टोला देऊन त्या कड्याच्या पातळ फाका करतो, आणि प्रत्येक फाकेच्या छेदात घोडा असतो. पाठ, मान, पाय, सगळं जागच्या जागी. कातताना त्याला घोडा दिसत नसतो. तो उलगडतो फक्त फोडल्यावर. मग एकेका घोड्याला पटाशीने आकार देऊन रंगवायचं. बाजारात आगपेटीएवढ्या डब्यांत असे प्राणी मिळतात, आणि त्या डबीमागचे हात कळले की किंमत जास्त वाटत नाही.

त्या डोंगरांतली आणखी एक रीत मला फार आवडते. घरात जितक्या मुली तितके लाकडी देवदूत आणि जितके मुलगे तितके खाणकामगार, हातात दिवे घेऊन, खिडकीत मांडायचे. हिवाळ्यात अंधारात खाणीत उतरून अंधारातच वर येणाऱ्या माणसांच्या घरी दिव्याचं मोल काय असेल, ते त्या खिडकीत दिसतं.

दोन्ही शहरांत सुक्या प्लमची माणसं विकतात, आणि दोन्ही बाजारांतला फरक मला त्या बाहुल्यांत सर्वात स्पष्ट दिसतो. न्यूरेंबर्गचा 'त्स्वेच्गनमेनले' नटवा आहे. प्लमचे हातपाय, अंजिराचं धड, अक्रोडाचं रंगवलेलं डोकं, आणि वर शेतकरी-शेतकरीण, वादक, डॉक्टर असे हवे ते कपडे. ड्रेस्डेनचा 'फ्लाउमेनटोफेल' मात्र धुराडी साफ करणारा पोरगा आहे, काळी टोपी आणि खांद्यावर शिडी. एके काळी अरुंद धुराड्यांत खरोखरच लहान मुलांना उतरवत, त्यांची ही आठवण. गरिबांची मुलं या बाहुल्या घरी बनवून बाजारात विकायला उभी राहत. चित्रकार लुडविग रिश्टरने १८५३ मध्ये अशा दोन मुलांचं चित्र केलं आहे. घरी न्यायला काहीतरी हवं असेल आणि बजेट कमी असेल, तर हा काळा पोरगा घ्या.

खाण्याचा विचार आपल्याला आधी करावा लागतो. न्यूरेंबर्गची ओळख म्हणजे बोटाएवढी, मार्जोरमचा सुगंधी पाला घातलेली सॉसेजं, पावात तीन. ती डुकराच्या मांसाची असतात, हे आधीच सांगितलेलं बरं. गोडात लेबकुखन. मध्ययुगात मसाल्याचे व्यापारी या शहरातून जात आणि भोवतालच्या जंगलात मध भरपूर, म्हणून हा मसालेदार केक इथे रुजला. यातलं 'एलिझन' प्रतीचं घ्या. त्यात पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही, सुकामेवा भरपूर. अंडं मात्र असतं.

ड्रेस्डेनचा मान स्टोलन या बेदाणे घातलेल्या गोड पावाचा, ज्याच्या 'श्ट्रीत्सल' या जुन्या नावावरून बाजाराचंच नाव पडलं. उपासात लोणी वर्ज्य होतं, त्यामुळे पूर्वी हा पाव तेलात व्हायचा आणि अगदी बेचव लागायचा. सॅक्सनीच्या राजांनी रोमकडे विनवणी केली आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवा याने लोण्याला परवानगी दिली. आज नियम असा की पिठाच्या निम्म्याहून कमी लोणी चालत नाही आणि बेदाणे पिठाच्या ६५ टक्के तरी हवेत. पारंपरिक कृतीत अंडं नाही, पण बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात. घरी चालत नसेल तर विचारून घ्या. खऱ्या ड्रेस्डेन स्टोलनवरचा सोनेरी शिक्का बघूनच घ्या. नीट गुंडाळून थंड जागी ठेवला तर कित्येक आठवडे टिकतो, म्हणून भारतात न्यायला लेबकुखनपेक्षा मी हाच सुचवते. जेवणासाठी शाकाहारी माणसाची ड्रेस्डेनमध्ये जास्त सोय होते. चीज आणि मशरूम भरून भट्टीत भाजलेलं हांडब्रोट, म्हणजे भरलेला पाव, तिथे जागोजागी मिळतं. हॅमचंही असतं, तेवढं सांगून घ्या. सफरचंदाच्या गरासोबत मिळणारे बटाट्याचे तळलेले वडे दोन्हीकडे आहेत. गरम वाइनच्या कपाला दोन्हीकडे डिपॉझिट घेतात. कप परत केला की पैसे परत.

मग न्यूरेंबर्गला कुणी जावं? सोबत लहान मुलं असतील तर जरूर. शेजारच्याच हान्स-झाक्स चौकात मुलांचा वेगळा बाजार भरतो, आणि क्रिस्टकिंड त्या दिवसांत बाजारात येऊन मुलांना भेटतं. पट्टेरी लाल-पांढऱ्या कापडाखालची ती दुकानं, प्लास्टिकच्या हारांना बंदी, रेकॉर्डवरची गाणी नाहीत, हे सगळं डोळ्यांना आणि कानांना फार सुखाचं आहे. म्युनिकहून रेल्वेने तासाभरावर, फ्रँकफर्टहून दोनेक तासांवर, त्यामुळे मुक्काम न करताही जमतं. पण उद्घाटनाच्या दिवशी आणि शनिवार-रविवारी चौकात अक्षरशः पाऊल पुढे टाकता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना त्या गर्दीत नेऊ नका. सोमवार ते बुधवार दुपारी, अंधार पडायच्या आधी न्या. या दिवसांत चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो.

बाकी सगळ्यांनी ड्रेस्डेन. बर्लिनहून दोन तास, प्रागहून अडीच, त्यामुळे युरोपच्या सहलीत ते सहज बसतं. तिथे दोन रात्री ठेवा. आल्टमार्क्टशिवाय फ्राउएनकिर्श याच नावाच्या तिथल्या चर्चभोवती आणि राजवाड्याच्या श्टालहोफ अंगणातही वेगवेगळे बाजार भरतात, आणि आल्टमार्क्टशेजारच्या क्रॉयत्सकिर्श चर्चमध्ये मुलांचा गायनवृंद ऐकायला मिळाला तर भाग्यच.

दोन्ही जमवायचे असतील तर क्रम चुकवू नका. पहिल्या ॲडव्हेंटच्या आदल्या शुक्रवारी न्यूरेंबर्गचं उद्घाटन, आणि दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या शनिवारी ड्रेस्डेनचा स्टोलन उत्सव, ज्यात काही टनांचा एकच स्टोलन मिरवत आणून कापतात आणि तुकडे विकून पैसे धर्मादाय कामाला देतात. मधे आठवडाभर मिळतो. या दोन शहरांमधला गाडीचा प्रवास साधारण चार तासांचा, बहुधा लाइपत्सिगला गाडी बदलून, तेव्हा वाटेत लाइपत्सिगला एक रात्र थांबायला हरकत नाही.