पॅरिसची सुरखी (5 पैकी 4 तारे)

चाळीस वर्षं सांगलीत बांधकामं केली. टेनिस कळतं ते नातीनं शिकवलं तेवढंच. तेव्हा हा अभिप्राय एका कंत्राटदाराचा समजावा.

7 जून 2025, संध्याकाळी साडेसहा. फ्रेंच ओपनची महिलांची फायनल, सबालेन्का आणि कोको गॉफ. ज्या ॲपचे वर्षाचे पैसे भरलेत ते पहिल्या सेटमध्येच तीनदा अडकलं. भडंगाचा डबा रिकामा झाला तरी पडद्यावर चक्र फिरतंय. एक तारा तिथंच कापला.

बाकी ते मैदान बघत राहावं असं. माती म्हणतात, पण ती माती नव्हेच. आमच्या तालमीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती मळतात, तसलं इथं काही नाही. हा भाजलेल्या विटांचा चुरा, म्हणजे आपली सुरखी! जुन्या वाड्यांच्या भिंती चुना-सुरखीतच बांधलेल्या असायच्या. लाल थर जेमतेम 1-2 मिलिमीटरचा. त्याखाली चुनखडीचा चुरा, मग कोळशाची खंगरं, खडी आणि तळाला दगड. चेंडू टप्पा घेतला की मंदावतो आणि वर उसळतो, त्यामुळं नुसत्या ताकदीवर निभत नाही.

त्यात त्या दिवशी वारं. सबालेन्का 4-1 नं पुढं होती, तरी पहिला सेट तिनं टायब्रेकवर, म्हणजे 6-6 झाल्यावरच्या निर्णायक गेमवर, कसाबसा काढला. मग तिचं डोकंच फिरलं. स्वतःहून केलेल्या चुका 70, गॉफच्या 30. गॉफ आपली पळतेय आणि चेंडू परत टाकतेय. 6-7, 6-2, 6-4 नं गॉफ जिंकली.

मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. चेंडू आत की बाहेर असा वाद झाला, की पंच खुर्चीवरून उतरतात आणि चुऱ्यावर उठलेला वण बघून निकाल देतात. ओळंबा लावून भिंत बघावी तसं.

दुसऱ्या दिवशी नात आमच्याकडच्या मुरमाच्या कोर्टवर गॉफसारखी घसरायला गेली आणि गुडघा सोलून आली. वर विचारते, "अण्णा, तसलं कोर्ट करायला चुरा किती लागंल?"

हिशेब मांडला. 120 बाय 60 फूट, थर 2 मिलिमीटर. अर्धा ब्राससुद्धा नाही (ब्रास म्हणजे 100 घनफूट). खालच्या दगड-खडीचा आकडा तिला अजून सांगितलेला नाही.