सीओडी पॅनेल, आठ महिन्यांनंतर: बाकी चालेल, पण तो ‘ग्राहक उपलब्ध नाही’ शेरा नको

सीओडी म्हणजे माल दारात पोचल्यावर पैसे; अशी पार्सलं वेगवेगळ्या कुरिअरने पाठवायचं हे ऑनलाइन पॅनेल वापरून आठ महिने झाले. रेट कार्ड, पिनकोडची यादी, कोणकोणती कुरिअर जोडली आहेत, हे सगळं पॅनेलच्या कंपनीच्या साइटवर आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसण्याचं कारण म्हणजे गेल्या पंधरवड्याचं बिल. अकरा पार्सलं परत, आणि त्यातल्या आठांपुढे एकच शेरा: ‘ग्राहक उपलब्ध नाही’. त्याच आठांपैकी पाच गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आहेत, “पार्सल कधी येणार?”

माल घरगुती: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. रवानगी पुण्यातून, ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्ध्या ऑर्डरींचे पैसे यूपीआयने, अर्ध्यांचे दारात. ज्यांचा माल टिकाऊ आहे (कपडे, तांब्याची भांडी) त्यांना परत आलेलं पार्सल फार डाचत नाही. भाजणी पंधरा दिवस गोदामांत फिरून, तीही जुलैत, परत आली की ती विकायची नसते.

आधी हिशोब, कारण ‘नाकारलं तर नाकारलं, माल तर परत येतो’ असं समजणारे बरेच आहेत. ४८० रुपयांचं पार्सल. जाण्याचे ६२, परतीचे ५५, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, झाले १३८. खोकं, चिकटपट्टी, लेबल मिळून १४. म्हणजे १५२ रुपये गेले आणि हातात काय, तर कोपरा दबलेलं खोकं. अशा पार्सलवर सुटतात ११० रुपये. एक परत आलं की जवळपास दीड पार्सलचा नफा गेला. पॅनेलच्या भाषेत याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. संगम पुलाजवळच्या आरटीओत निदान लायसन्स तरी मिळतं.

आता तो शेरा. पार्सल दिलं गेलं नाही की डिलिव्हरीवाला त्याच्या अ‍ॅपमध्ये एका यादीतून कारण निवडतो: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपूर्ण, ग्राहकाने नाकारले, रोख तयार नव्हती, पुढची तारीख मागितली. पुढचं सगळं या एका निवडीवर ठरतं. ‘नाकारले’ आलं तर पार्सल बहुधा थेट परतीला लागतं. ‘पुढची तारीख’ आलं तर थांबतं. आणि ‘उपलब्ध नाही’ आलं तर दुसरी फेरी, तिसरी फेरी आणि मग परत. विक्रेत्याला पॅनेलवर उत्तर द्यायला चोवीस तास मिळतात, आणि त्यात रविवारही धरतात. शनिवारी संध्याकाळी सातला पडलेला शेरा सोमवारी सकाळी बघितला तर वेळ टळलेली असते.

संध्याकाळी साडेसातनंतर एकाच भागातल्या पाच-सहा पार्सलांवर दोन-तीन मिनिटांत एकामागून एक ‘उपलब्ध नाही’ पडलं, तर त्याचा अर्थ सरळ आहे. दिवसाची यादी संपवायची होती. ४११०५७, हिंजवडीत हे सर्वाधिक. दिवसा गिऱ्हाईक ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर सीओडी पार्सल कोणी घेत नाही कारण पैसे कोण देणार, आणि वॉचमनने अ‍ॅपवर पाठवलेली विनंती मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाने पाहिलेली नसते. डिलिव्हरीवाल्याला पार्सलमागे पैसे मिळतात, वाट बघण्याचे नाही. राग त्याच्यावर नाही. राग आहे तो पुरावा न मागणाऱ्या यादीवर. फोन केला असेल तर कॉलची नोंद दाखवा, दारात गेला असाल तर लोकेशन दाखवा. पॅनेलवर दोन्ही रकाने आहेत, आणि बहुतेक वेळा रिकामे.

तक्रार करताना म्हणून ‘शेरा खोटा आहे’ असं लिहून भागत नाही. तसं तिकीट दोन दिवसांत ‘कुरिअरने पडताळले’ म्हणून बंद होतं. लिहायचं असं: एडब्ल्यूबी क्रमांक (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर), शेऱ्याची तारीख-वेळ, ‘त्या वेळची कॉलची नोंद आणि लोकेशन द्या, नसल्यास परतीचा आकार रद्द करा’, आणि सोबत गिऱ्हाइकाच्या त्याच दिवशीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. असं मागितल्यावर परतीचे पैसे पुष्कळदा परत जमा होतात. जाण्याचे कधीच होत नाहीत.

गिऱ्हाइकाचा मेसेज मिळवायचा तर तो आधी मागावा लागतो. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ पडलं की सकाळीच एक ओळ: “आज पार्सल येतंय, ४८० रुपये द्यायचे आहेत, घरी कोण आहे?” शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘ओके’ला पुरावा म्हणून किंमत नाही, ‘आई आहे घरी’ला आहे.

इथपर्यंतचं मत तीन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर ‘सीओडी बंदच करा’ असं दिलं असतं. ते आता बदललंय, दोन सेटिंगांमुळे. दोन्ही मुळात बंद असतात आणि कंपनी त्यांचा उल्लेखही करत नाही.

पहिलं, नकाराचा ओटीपी. हे चालू केलं की ‘नाकारले’ हा शेरा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय पडत नाही. खोटे नकार एकदम थांबले. पण गंमत अशी की ते सगळे ‘उपलब्ध नाही’कडे सरकले, कारण त्याला ओटीपी लागत नाही. पुन्हा तीच यादी!

दुसरं, अंशतः सीओडी. ऑर्डर पक्की करताना ६० रुपये यूपीआयने, उरलेले ४२० दारात. पॅनेलमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. गंमत म्हणून मागवणारा, रात्री दीडला तीन ठिकाणी तीच ऑर्डर टाकून जो आधी येईल त्याचं घेणारा, चुकीचा नंबर देणारा, हे सगळे साठ रुपयांपाशीच गळतात. ऑर्डर कमी होतात हे खरं. गळालेल्या ऑर्डरला १५२ रुपये लागत नाहीत हेही खरं.

मात्र हे साठ रुपये ठेवून घ्यायचे तर नीट घ्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ऑर्डर रद्द केल्याचा आकार गिऱ्हाइकावर लावायचा असेल, तर विक्रेत्याने स्वतःहून रद्द केल्यास तसाच आकार त्यानेही सोसायला हवा. आणि संमती गिऱ्हाइकाने स्वतः दिलेली हवी, आधीच टिक केलेली चौकट चालत नाही. म्हणून ऑर्डरच्या पानावर मराठीत सरळ लिहा: “दारात नाकारल्यास ६० रुपये परत मिळणार नाहीत. आम्ही ऑर्डर रद्द केल्यास ६० परत आणि वर ६० आमचे.” माल खराब निघाला किंवा कबूल तारखेनंतर पोचला, तर हे कलम दाखवायचं नाही, पूर्ण पैसे परत.

आगाऊ यूपीआयचे वाद वेगळे. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, हे वाक्य गल्ल्यावर चिकटवावं. हिरवी टिक आणि ‘टुंग’ आवाजासकट खोटा स्क्रीन बनवून देणारी अ‍ॅप आहेत. बघायचा तो १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक), आणि तोही आपल्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये; एसएमएसमध्ये नाही, कारण जमा झाल्याचा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरूनही कोणी पाठवू शकतो. ‘४८० ऐवजी चुकून ४८०० गेले, बाकीचे परत करा’ हा प्रकार अशाच एसएमएसवर चालतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. माणसाने माणसाला ‘पैसे द्या’ अशी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण क्यूआर पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारे अजून आहेत.

कधी गिऱ्हाईक खरं बोलत असतं: त्याच्या खात्यातून कापले, इकडे आले नाहीत. त्याला खोटारडा म्हणू नका आणि माल पाठवूही नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार साध्या खात्यावर पाठवलेले असे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाच्या क्यूआरवर असतील तर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यानंतर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. तक्रार ज्याचे कापले त्यानेच त्याच्या यूपीआय अ‍ॅपमधून करायची, विक्रेत्याला ती करता येत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर.

गिऱ्हाइकांसाठीही एक: दारात क्यूआरने पैसे देताना नाव वाचा. ३० जून २०२५ पासून बँकेत नोंदलेलं नाव पैसे पाठवण्याआधी दिसतं. कुरिअर कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर थांबा, रोख द्या किंवा त्यांच्या मशीनवरचा क्यूआर मागा. खासगी क्यूआरवर दिलेले पैसे आणि पॅनेलवर ‘उपलब्ध नाही’ अशी जोडी जमली की दोघंही प्रामाणिक असून भांडत बसतात.

दाद कुठे मागायची? विक्रेता कायद्याने ‘ग्राहक’ नाही, त्यामुळे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध १९१५ (ग्राहक हेल्पलाइन) किंवा ग्राहक आयोग उपयोगाचा नाही; ते गिऱ्हाइकासाठी. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेला तर ती फसवणूक, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. सीओडी नाकारणं हा मात्र गुन्हा नव्हे. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ५६ खाली माल न स्वीकारल्याची भरपाई मागता येते, पण ४८० रुपयांसाठी शिवाजीनगर कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?

घाऊक उधारीचं तसं नाही. परगावच्या दुकानाने ऑनलाइन ऑर्डर देऊन वीस किलो भाजणी नेली आणि पैसे लटकवले, तर २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा विक्रेत्याच्या बाजूचा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दावा ऑनलाइन भरला की राज्याच्या एमएसएमई सुविधा परिषदेकडे जातो. दोन अटी विसरू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची हवी. आणि ती उत्पादक म्हणून हवी, नुसत्या व्यापाऱ्याच्या नोंदणीवर हा फायदा मिळत नाही. मसाला कुटणारा उत्पादकच, पण फॉर्म भरताना ‘किरकोळ विक्री’ निवडणारे कमी नाहीत.

वजनाबद्दल थोडक्यात, कारण तिथेही पैसे गळतात. अर्धा किलो भाजणी खोक्यासकट ५९० ग्रॅम भरते आणि, टप्पे अर्ध्या किलोचे असल्याने, दर एक किलोचा लागतो. ४०० ग्रॅमचं पाकीट करा. खोकं २५×१८×१२ सेंमी असेल तर हा गुणाकार भागिले ५००० करून वजन १.०८ किलो धरतात, म्हणजे दीड किलोचा दर. २२×१५×७ चं खोकं ०.४६ मध्ये बसतं. काट्यावर ठेवलेल्या पार्सलचा लेबल दिसेल असा फोटो प्रत्येक वेळी काढा. वजनाच्या वादाला सात दिवस मिळतात.

पत्त्याचंही बघा. ४११०३० (सदाशिव पेठ) मध्ये ‘मारुतीजवळ’ लिहिलेली ऑर्डर तशीच पुढे ढकलू नका. या शहरात पत्र्या मारुती आहे, जिलब्या मारुती आहे, भिकारदासही आहे. कोणता ते विचारा.

पैसे वर्ग होण्याबद्दल तक्रार नाही. डिलिव्हरीनंतर सात दिवसांनी येतात, फक्त परतीचे आकार त्यातूनच कापून, त्यामुळे एडब्ल्यूबीप्रमाणे ताळा न घेणाऱ्याला कळतही नाही काय गेलं.

वार्षिक प्लॅन घेतला तर दोन महिने फुकट, असा त्यांचा फोन दर आठवड्याला येतो. शेऱ्यांच्या त्या यादीपुढे कॉलची नोंद सक्तीची होईपर्यंत महिन्याचाच भरायचा.