कुत्र्याच्या कच्च्या आहारासाठी फ्रीझर: आडवा, उभा की घरचाच फ्रीज?

कुत्र्याला कच्चे मांस द्यायचे ठरले की मुंबईच्या घरात पहिला प्रश्न जागेचा येतो, म्हणून किती लिटरचा फ्रीझर लागेल याचा हिशेब आधी मांडावा. प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के अन्न लागते. म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरला रोज सुमारे पाऊण किलो आणि महिन्याला साडेबावीस किलो. कोंबडीच्या माना, पाय, वजडी यांची पाकिटे एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यामुळे किलोमागे दोन लिटर जागा धरलेली बरी. एका महिन्याला ४५ लिटर झाले.

घरच्या दोन दारी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जेमतेम एवढीच जागा असते आणि तीही मटार, बर्फ व घरच्या मासळीने आधीच व्यापलेली असते. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तर विचारातच घेऊ नये. महिनाभराच्या साठ्याला लागणारे उणे १८ अंश तापमान तो सहसा राखत नाही. पाच-सहा किलोच्या पॉमेरेनियनचे घरच्या फ्रीजवर भागते, मोठ्या कुत्र्याचे नाही.

तेव्हा खरी निवड उरते ती वर झाकण असलेला आडवा डीप फ्रीझर आणि समोर दार असलेला उभा फ्रीझर यांच्यात. माझा कौल आडव्याला आहे. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती तळाशी टिकून राहते, आणि जुलैतली दमट हवा आत शिरून बर्फाचे थर साचण्याचे प्रमाणही त्यामुळे कमी राहते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोलमडून मुंबईची वीज गेली होती. अशा वेळी झाकण न उघडल्यास पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गारठा धरून ठेवतो.

आडव्याची अडचण म्हणजे तळाचे पाकीट काढायला वरचे सगळे उपसावे लागते. दिवसाच्या मापाची चपटी पाकिटे करून, तारीख लिहून, ती टोपल्यांत उभी लावली तर हा त्रास बराच कमी होतो. शिवाय झाकण वर उघडत असल्याने तो ओट्याखाली बसत नाही. ज्यांना कंबरेचे दुखणे आहे किंवा जमिनीवर एवढी जागाच नाही, त्यांनी उभा फ्रीझर घ्यावा. त्यातील फ्रॉस्ट-फ्री प्रकारात बर्फ खरवडावा लागत नाही, मात्र फिरत्या हवेने मांस लवकर सुकते, म्हणून पाकिटे दुहेरी गुंडाळावीत. काचेच्या झाकणाचे फ्रीझर आइस्क्रीमच्या दुकानांसाठी असतात, त्यांत गारठा कमी टिकतो.

आडव्यातही पाणी काढायचे भोक तळाशी आहे ना, हे दुकानातच पाहावे, कारण सांडलेले रक्त धुवायला तेच कामी येते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर ही स्वच्छता अधिकच काटेकोर हवी. श्रावणात चिकन स्वस्त मिळाले म्हणून वीस किलो एकदम आत टाकू नये, कारण आधीचा साठा सैल पडतो. दोन-तीन दिवसांत थोडे थोडे भरावे. एका कुत्र्यासाठी १०० लिटरच्या आसपासचा आडवा फ्रीझर पुरतो, दोन मोठ्या कुत्र्यांसाठी १५० ते २०० लिटरचा पाहावा, आणि पैसे देण्याआधी जिन्याचे वळण व लिफ्टचे दार मोजून घ्यावे.