व्हेंडिंग मशीनच्या "लायसन्स पॅकेज"मध्ये माझे २,५९,३०० रुपये गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी "ताई, नक्की किती गेले" विचारायला नको. बुकिंगचे २१,०००, मशीनचे उरलेले १,७४,०००, लोकेशन डिपॉझिट ४०,०००, लायसन्स पॅकेज ४८,५०० आणि नंतर "अर्जंट इन्स्पेक्शन फी" म्हणून ७,८००. एकूण २,९१,३००. मशीन शेवटी ३२,००० ला विकलं, म्हणजे निव्वळ गेले २,५९,३००. यातले दीड लाख माझ्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले. त्याचं व्याज यात धरलेलं नाही, एक्सपायर झालेला माल पण धरलेला नाही.

स्कीम अशी की एका कंपनीकडून व्हेंडिंग मशीन, म्हणजे पैसे टाकले की पाणी-खाऊ बाहेर देणारं मशीन, विकत घ्यायचं. हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार, चहा-समोसा, स्क्रीनवर चकचकीत मशीन, महिन्याला १५,००० "पक्के", जागा आम्ही देणार, माल आम्ही भरणार, तुम्ही फक्त मोबाईलवर सेल बघायचा. आता लगेच कोणी म्हणेल की एवढं ऐकून पण तुम्हाला कळलं नाही का. तर ऐका, त्या १५,००० वर माझा विश्वास नव्हताच. मी बी.कॉम. आहे, सात वर्षं अकाउंट्सचं काम केलंय, वहीत ७,००० धरून हिशोब मांडला होता आणि तो बसत होता. मिस्टर नाशिकच्या सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी, मुलगा बारावीला, मला घर सांभाळून काहीतरी हवं होतं. यात हावरटपणा कुठे आला?

मी फसले ती लायसन्सवर. आणि हेच कोणी सांगत नाही म्हणून लिहायला बसले. हे लोक मशीन विकत नाहीत, कागदांची भीती विकतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुकिंग केलं. आठ दिवसांनी त्यांचा माणूस घरी आला, माझ्यासमोर कागदावर यादी काढली. फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, जीएसटी, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), वजनमाप, महापालिकेची एनओसी, फायरची एनओसी आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित करून "ऑटोमॅटिक व्हेंडिंग ऑपरेटर लायसन्स". म्हणाला, मॅडम, हे शेवटचं नसेल तर मशीन जागेवरून उचलून नेतात, ५ लाख दंड लावतात, आमच्या एका क्लायंटचं झालंय असं. तुम्ही एकेका ऑफिसात चकरा मारत बसाल तर वर्ष जाईल, आमचे लोक आत आहेत, सगळं मिळून ४८,५०० मध्ये करून देतो. ज्या बाईने आयुष्यात कधी धंदा केला नाही तिला हे सांगितल्यावर ती काय करणार? मी चेक दिला.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही ती सांगते. चेक दिल्यावर त्याने कागदपत्रं मागितली, म्हणून मी आमच्याकडच्या सेवा केंद्रात आधार-पॅनच्या झेरॉक्स काढायला गेले. काउंटरवरच्या मुलाने झेरॉक्स काढता काढता विचारलं, "काय ताई, फूड लायसन्स काढताय का? शंभर रुपये सरकारी फी आहे, मला दोनशे द्या, इथेच भरून देतो." त्याच्या मागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेलं रेटकार्ड होतं, त्यात पॅनच्या खालीच "फूड रजिस्ट्रेशन", उद्यम, शॉप ॲक्ट, सगळ्यांचे दर. मी ते वाचलं. डोळ्यांनी वाचलंय मी ते. आणि त्या मुलाला म्हणाले, "नाही रे, आमचं कमर्शियल आहे, वेगळं असतं." झेरॉक्सचे आठ रुपये दिले आणि निघाले. चेक अजून वटला नव्हता! त्याच दिवशी बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट दिलं असतं तर निदान ४८,५०० वाचले असते, आणि कदाचित पुढचं सगळंच. त्या पोराला काय मिळणार होतं, फार तर दोनशे. तो खरं बोलत होता आणि मी त्याला शहाणपणा शिकवून आले.

तर खरं काय आहे ते लिहिते, मी आता हे सगळं स्वतः केलंय. "व्हेंडिंग ऑपरेटर लायसन्स" नावाची गोष्टच नाही. खाण्यापिण्याचं विकायचं म्हणजे अन्न सुरक्षा कायदा २००६ लागू, आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर तेव्हा, २०२४ मध्ये, साधं रजिस्ट्रेशन पुरायचं, ते फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर, वर्षाला १०० रुपये, पाहिजे तर एकदम ५ वर्षांचे भरता यायचे. उद्यम पूर्ण फुकट. जीएसटी नंबर काढायला सरकारी फी शून्य, आणि नुसता माल विकत असाल तर ४० लाखांपर्यंत तो काढायलाच लागत नाही. शॉप ॲक्टमध्ये २०१७ च्या कायद्यापासून १० पेक्षा कमी माणसं असतील तर तेव्हा परवाना नव्हताच, नुसतं ऑनलाईन कळवायचं होतं. हे सगळं मला ४८,५०० ला विकलं.

एप्रिलमध्ये मशीन आलं. एका खाजगी हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर लावलं. सोबत निळी फाईल, त्यात सात सर्टिफिकेटं, सगळ्यांवर तीन सिंहांची राजमुद्रा, वर "शासन मान्य". (राजमुद्रा अशी कुणीही छापू शकत नाही, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. खाजगी कंपनीच्या कागदावर ती दिसली की उठून बाहेर पडा.) मशीन पण नवीन नव्हतं. आत माल लावताना डाव्या बाजूचा रंग नखाला लागला, खाली जुन्या कंपनीचं लाल स्टिकर. मी फोटो काढून पाठवला तर म्हणे, "डेमो पीस आहे मॅडम, बदलून देतो." कसलं बदलून देतात.

पहिला दणका मे महिन्यात बसला. त्यांनी सांगितलं होतं की एमआरपीवर ५ रुपये सर्व्हिस चार्ज लावा, मशीनला परवानगी असते. एका पेशंटच्या मुलाने २० ची पाण्याची बाटली २५ ला आली म्हणून ओपीडीत आरडाओरडा केला, बिचारा आईला ॲडमिट करून आला होता, आणि त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. पॅकबंद वस्तू छापील किमतीच्या वर विकता येत नाही, मग दुकान असो नाहीतर मशीन, वैधमापनचा म्हणजे वजनमाप खात्याचा नियम आहे. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि त्याच दिवशी दर खाली आणले. तेव्हा तरी मला फाईल उघडून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

जूनमध्ये फोन आला की इन्स्पेक्शन लागलंय, अर्जंट ७,८०० पाठवा नाहीतर लायसन्स सस्पेंड. पाठवले. ऑगस्टमध्ये हॉस्पिटलच्या कँटीनची तपासणी करायला खरे अन्न सुरक्षा अधिकारी आले, जाता जाता मशीन बघितलं, वर चिकटवलेला नंबर मोबाईलवर टाकला. मला म्हणाले, "हा नंबर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बेकरीचा आहे. तुमचं नाव कुठेय?" चार नर्सेस उभ्या, कँटीनवाले उभे, आणि मी निळी फाईल हातात धरून. बसायला जागा असती तर खाली बसले असते. त्यांनीच दाखवलं की नंबर १४ आकडी असतो, लायसन्सचा १ ने सुरू होतो आणि रजिस्ट्रेशनचा २ ने. माझ्या कागदावर ठळक "रजिस्ट्रेशन" लिहिलेलं आणि नंबर १ ने सुरू होणारा. चार महिने तो कागद मी रोज पुसत होते.

मग हॉस्पिटलच्या ॲडमिनकडे गेले, तर त्यांना ४०,००० च्या डिपॉझिटबद्दल काही माहीतच नाही. त्यांनी तीन महिने "डेमोसाठी" तोंडी परवानगी दिली होती. आठ दिवसांत मशीन हलवा म्हणाले. म्हणून जागेचा करार जागेच्या मालकाबरोबर थेट करा, मधल्या माणसाच्या लेटरहेडवर अजिबात नको.

पोलीस ठाण्याचं काय सांगू. पहिल्या दिवशी अडीच तास बाकावर. मग आत बोलावलं, फाईल न उघडता "हे दिवाणी आहे, वकील करा." खोटं सरकारी सर्टिफिकेट दिवाणी कसं? दुसऱ्या वेळी म्हणाले कंपनी पुण्याची, पुण्यात जा. एसटीने पुण्याला गेले, तिथे म्हणाले पैसे तुमच्या गावातून दिले, तुमच्या गावात द्या तक्रार. झिरो एफआयआर म्हणून प्रकार आहे, हद्द कुठलीही असो नोंदवावीच लागते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय, हे मी वाचून गेले होते. बोलले तर साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका." तिसऱ्या वेळी माझ्यासमोर दोघांची चर्चा की कलम जुनं लावायचं की नवीन, कारण पैसे जुलैच्या आधी दिलेत. गुन्हा आधीचा म्हणजे जुनं ४२०, एवढं मला घरी बसून कळतं! शेवटी एफआयआर नाहीच, नुसता तक्रार अर्ज घेतला, त्यावर शिक्का पण मी हट्ट केला म्हणून मारला. आणि वर एक जण म्हणतो, "ताई, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, चौकशी नाही का करायची आधी?" चौकशी करायचं काम कुणाचं आहे साहेब? फसवणाऱ्याला एक फोन करायला तुम्हाला वेळ नाही आणि मला उलटतपासणी.

परवाने देणाऱ्या ऑफिसात गेले तर तिथे वेगळंच. सर्टिफिकेट बनावट आहे एवढं लेखी द्या म्हटलं, कारण पोलीस तेच मागत होते. उत्तर काय, पोलिसांकडून पत्र आलं की देऊ. पोलीस म्हणतात ऑफिसने द्यावं, ऑफिस म्हणतं पोलिसांनी मागावं, आणि मधे मी रिक्षाचे पैसे भरतेय. सात चकरा झाल्या. शेवटी माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकला, की अमुक नंबर कुणाच्या नावाने आहे. त्याचं लेखी उत्तर आलं तेव्हा हातात काहीतरी कागद आला. हा मार्ग पहिल्याच दिवशी धरा.

एफआयआर घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, पावती जपा, मग मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन ऑनलाईन पैसे गेले असतील तर आणि तेही त्याच तासाभरात करा. माझे चेक कित्येक महिन्यांपूर्वीचे, तिथे काही होण्यासारखं नव्हतं. ग्राहक आयोगात मी नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या ई-दाखिल या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार टाकली, ५ लाखांपर्यंत फी नाही. "धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असं समोरचा वकील म्हणणारच, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वरोजगार म्हणून घेतलं असेल तर कायद्यात सूट आहे, ते वाक्य अर्जात लिहाच.

बिलावरचा जीएसटी नंबर पण बघा. २७ ने सुरू म्हणजे महाराष्ट्र, एवढ्यावर मी खूश होते. पोर्टलवर टाकल्यावर कळलं, रजिस्ट्रेशन कधीच कॅन्सल झालंय. दोन मिनिटांचं काम होतं. आणि "पुढच्या मशीनला रेल्वे स्टेशन देतो, ६०,००० भरा" म्हणाले तर फोन ठेवा. रेल्वेच्या जागा टेंडरने जातात, कुणाच्या ओळखीने नाही. तेवढे ६०,००० मी दिले नाहीत, हे मी मिस्टरांना दर वेळी सांगते.

गेल्या महिन्यात अजून दोघं सापडले, एक एसटीतून रिटायर झालेले काका आणि सिन्नरची एक मुलगी. काकांनी दोन मशीनं घेतलेली, रेल्वेचे ६०,००० पण भरलेले. आमच्या घरी चटईवर तिघांच्या निळ्या फाईली शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. तिघांच्या फूड सर्टिफिकेटवर नंबर एकच, त्याच बेकरीचा. काका बराच वेळ बोललेच नाहीत, मग चष्मा काढून म्हणाले, "बेकरीवाल्याला तरी माहीत असेल का?" त्याला पण पत्र टाकलंय, तो आला तर चौघं होऊ.

एकट्या बाईचा अर्ज बाकावर पडून राहतो. १७ तारखेला आम्ही तिघं मिळून वरिष्ठांकडे अर्ज देणार आहोत. तुमच्याकडे अशी निळी फाईल असेल तर त्यातला १४ आकडी नंबर आज रात्रीच फॉसकॉसवर टाकून बघा. दुसऱ्याचं नाव आलं तर चेकच्या झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि आमच्याबरोबर या.