ईमेलपत्र की मायक्रो.ब्लॉग: दोन्हीकडे लिहून झाल्यावर

ब्लॉगरवरचं जुनं बिऱ्हाड हलवायचंय, जायचं कुठे, असं अलीकडे तीन मित्रांनी विचारलं. माझंही बिऱ्हाड २००९ पासून तिथेच होतं. रानभाज्या, वाईचा सोमवारचा बाजार, आमच्याकडचे ओढे असं काहीबाही लिहायचो. मग सव्वा वर्ष एका मोठ्या ईमेलपत्र-सेवेवर काढलं आणि आता दीड वर्ष मायक्रो.ब्लॉग या छोट्या ब्लॉग-सेवेवर आहे. त्या पहिल्या सेवेचं नाव घेत नाही. माझा अनुभव एकट्याचा आहे, आणि तिथे सुखाने लिहिणारे पुष्कळ लोक माझ्या ओळखीचे आहेत.

ईमेलपत्राचं, म्हणजे न्यूजलेटरचं, बलस्थान आधी सांगतो, कारण ते खरंच मोठं आहे. लेख वाचकाच्या पेटीत जाऊन पडतो. त्याला तुमची आठवण ठेवावी लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. आपला वाचक पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत विखुरलेला असतो आणि तो एका जागी कधी जमत नाही. मला तिथे पहिल्या चार महिन्यांत जेवढी उत्तरं आली, तेवढी ब्लॉगरवर दहा वर्षांत आली नव्हती. पुढेमागे वर्गणी घ्यायचा विचार असेल तर तीही सोय तयार असते.

पत्र किती जणांनी उघडलं, हाही आकडा मिळतो. तो आकडा पत्रात दडवलेल्या एका न दिसणाऱ्या चित्रावरून काढतात. ॲपलने २०२१ पासून ती चित्रं स्वतःच आधी उतरवून घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे आयफोनवर न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जाऊ शकतं. हे माहीत असूनही मी दर सोमवारी सकाळी तो आकडा बघायचो. ओढ्यांवरचे लेख कमी उघडले जातात म्हणून ते लिहिणं मी हळूहळू बंद केलं. त्याचं आज वाईट वाटतं.

पण मी तिथून उठलो ते आत्यामुळे.

आत्या वाईला असते, वय ७६. लेख झाला की मी तिला व्हॉट्सॲपवर दुवा पाठवायचो. एका रविवारी तिचा फोन आला, ‘‘अरे, तुझ्या लेखाला आता पैसे पडतात का? दोन ओळी वाचल्या आणि वर काहीतरी येऊन बसलं.’’ पुढच्या शनिवारी वाईला गेलो तेव्हा तिच्या फोनवर पाहिलं. पान उघडायचं, अर्धा परिच्छेद दिसायचा, मग सगळं अंधारून मध्ये एक चौकट यायची. चौकटीत माझा फोटो, त्याखाली इंग्रजीत ईमेल पत्ता द्या म्हणून सांगणं, खाली भलंमोठं बटण. नुसतं वाचायचं असेल तर त्याच्या खाली फिकट अक्षरांत एक ओळ होती. ती मलाच चष्मा लावून शोधावी लागली. आत्याला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. तीन वेळा प्रयत्न करून तिने फोन ठेवून दिला होता. मी सेटिंग्ज धुंडाळल्या, एक-दोन गोष्टी बंद केल्या, तरी चौकट येतच राहिली. शेवटी ती म्हणाली, ‘‘जाऊ दे, तू आलास की वाचून दाखवत जा.’’

ज्या भाज्यांवर मी लिहितो त्यातल्या निम्म्या मला तिने दाखवल्या आहेत. त्या दिवशी परत येतानाच ठरलं.

मायक्रो.ब्लॉग मॅन्टन रीस या अमेरिकेतल्या प्रोग्रामरने २०१७ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून सुरू केलं. महिन्याला ५ डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे आपले चारशेच्या वर. त्यात तुमचा ब्लॉग तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्यावर, राहतो आणि तिथे लिहिणाऱ्या इतरांच्या नोंदी एकाखाली एक वाचता येतात. तुम्हाला किती जण फॉलो करतात हा आकडा तिथे मिरवला जात नाही. लाइकचे आकडे नाहीत, दुसऱ्याची नोंद पुढे पाठवायचं बटण नाही. ‘डिस्कव्हर’ पानावर काय यावं हे माणसं वाचून निवडतात. बोलायचं असेल तर उत्तरच लिहावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात मी करटुल्यांचा फोटो टाकला, मराठी मजकुराखाली इंग्रजीत दोन ओळी. पोर्तुगालमधल्या एका बाईंनी विचारलं, बिया काढता की ठेवता? कोवळ्या असल्या तर ठेवतो, जून झाल्या की काढतो, असं मी लिहिलं. मग चार दिवस बोलणं चाललं. त्यांच्याकडे आलेंतेजु भागात घोळीचं सूप करतात, त्यात चीज आणि अंडं घालतात. आपली घोळ तिकडे सुपात जाते हे मला तेव्हा कळलं.

उणं सांगायचं तर मराठी माणूस तिथे जवळजवळ नाही. मोठा मराठी वाचकवर्ग हवा असेल, तर ईमेलपत्रच बरं पडेल असं मला वाटतं. पैसे डॉलरमध्ये, कार्डाने, सगळा कारभार इंग्रजीत. शिवाय कंपनी अगदी लहान. याच विचाराने, आकडे न दाखवता चालवलेलं कोहोस्ट हे समाजमाध्यम २०२२ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये बंदही झालं. म्हणून डोमेन आधी स्वतःच्या नावावर घ्या. मजकूर उतरवून घेता येतो, मी दर तिमाहीला घेतो. उद्या हलावं लागलं तरी आत्याकडचा दुवा तोच राहील.

लगेच सगळं हलवायचं नसेल, तर जुन्या ब्लॉगचा आरएसएस दुवा (नव्या नोंदी आपोआप दुसरीकडे पोचवणारा) मायक्रो.ब्लॉगच्या खात्याला जोडता येतो. लिहायचं जुन्या जागी, नोंदी दिसतील इकडे. मी दोन महिने तसंच केलं. तेवढ्या काळात ओढ्यांवर पुन्हा पाच लेख झाले.