जुन्या सोन्याच्या नाण्यांसाठी मिलिग्रॅमचा तराजू: वापरून सांगते

खिशात मावणारा डिजिटल तराजू. वीस ग्रॅमपर्यंत वजन, तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा, वर पारदर्शक झाकण, सोबत तराजू ताडून जुळवायचं (कॅलिब्रेशनचं) वीस ग्रॅमचं वजन, एक चिमटा आणि इवलंसं पॅन. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतो. माझ्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नावही नाही. हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, त्यामुळे नावात अडकू नका. सोन्याची जुनी नाणी जमवणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरी आजीच्या गिन्न्या-पुतळ्या आहेत त्यांनी, भिंगाच्याही आधी हा तराजू घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते. नाण्यांचा नाद सासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेपासून लागला. त्या माळेत व्हेनिसचे खरे डुकाट, म्हणजे तिथली जुनी सोन्याची नाणी, किती आणि आपल्याकडच्या सोनारांनी पाडलेल्या नकला किती, हे कुणालाच नीट सांगता येईना, तेव्हा हा तराजू मागवला.

टाकसाळी वजनाच्या बाबतीत फार काटेकोर असत, कारण सोन्याच्या नाण्याची किंमत मुळात आतल्या सोन्याची. इंग्लंडची गिनी, म्हणजे सॉव्हरिन, 7.988 ग्रॅमची. झिजून 7.94 ग्रॅमच्या खाली गेली की ती तिथे कायद्याने चलनातून बाद व्हायची. कंपनी सरकारच्या 1835 च्या कायद्याने ठरलेली मोहोर 180 ग्रेनची, म्हणजे 11.66 ग्रॅम, आपला जुना एक तोळा. मुघलांची मोहोर अकरा ग्रॅमला जरा कमी. व्हेनिसचा डुकाट साडेतीन ग्रॅमचा. शिवरायांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. तो इतका दुर्मीळ आहे की कुणी सहज हातावर ठेवला तर आधी तराजूच काढावा. हे आकडे पाठ असले की निम्मी फसवणूक दारातच थांबते. गिनीच्याच आकाराची आणि जाडीची पितळी नक्कल चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. वजन जुळवायचं तर ती दुप्पट जाड करावी लागते, आणि ते बोटांनाही कळतं.

खरी गंमत मात्र पाण्यात आहे. कफ सिरपसोबत येतं ते मापाचं प्लास्टिकचं झाकण पाण्याने जवळजवळ भरून पॅनवर ठेवायचं आणि टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. मग नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचं. ते पूर्ण बुडलं पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. दोरा हातात धरू नका, हात थरथरतो. मी पुस्तकांच्या दोन चळतींवर एक विणायची सुई आडवी टाकते आणि तिला दोरा बांधते. आता पडद्यावर जो आकडा येतो, तेवढ्या वजनाचं पाणी नाण्याने बाजूला सारलेलं असतं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते.

आमच्याकडची पंचम जॉर्जची एक गिनी कोरडी 7.982 भरली. पाण्यात आकडा आला 0.454. भागाकार 17.58. तांबं मिसळलेल्या 22 कॅरेट सोन्याची घनता साधारण साडेसतरा-पावणेअठराच येते. शुद्ध सोन्याची 19.3, पितळेची साडेआठच्या आसपास. माळेतून सुटी निघालेली एक पुतळी 3.47 आणि 0.181, म्हणजे 19.17. इतकं शुद्ध सोनं आणि वजनही बरोबर, त्यात अक्षरं स्वच्छ आणि संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, नीट उठलेला. ती व्हेनिसचीच, यावर आता आमच्या घरात वाद नाही. शेजारची, कडी असलेली पुतळी 18.28 वर आली. ते सोनं हलकं म्हणून नाही. कडी आणि डाख यांचं हिणकस सोनं त्या आकड्यात मिसळतं. म्हणून कडी लावलेल्या नाण्याचा आकडा पाहून घाईने निकाल देऊ नये. तिच्यावरची अक्षरं मात्र नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत, म्हणजे ती नकलेतली. सोन्याला बाधा नाही.

पाण्यात थेंबभर भांडी घासायचं लिक्विड टाका, नाहीतर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते. नंतर नाणं मऊ सुती कापडावर टिपायचं. घासायचं अजिबात नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदी-तांब्याच्या नाण्यावर हा प्रयोग मी करत नाही.

आता तक्रारी. पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचत राहतो. झाकण लावून फरक पडतो, पण पाण्याच्या प्रयोगात झाकण लावताच येत नाही. त्यामुळे खिडक्या बंद, पंखा बंद, आणि मे महिन्यात घाम पुसत बसायचं. मिनिटभर बटण दाबलं नाही तर तराजू आपोआप बंद होतो आणि टेअर केलेला शून्य जातो. नाणं दोऱ्याला बांधून तयार ठेवूनच टेअर करावं. सोबतच्या वीस ग्रॅमच्या वजनावर आंधळा विश्वास नको. मी ते वजनमापाचा शिक्का असलेल्या काट्यावर ताडून घेतलं, मग वापरायला काढलं. तुम्हीही कुठून तरी ताडून घ्या. आणि हा घरगुती उपयोगाचा आहे, याच्या वजनावर खरेदी-विक्रीचा हिशेब करू नका.

फार लहान नाण्यांपुढे तो थकतो. दक्षिणेकडचे सोन्याचे फणम जेमतेम 0.35 ग्रॅमचे. पाण्यातला आकडा 0.02 च्या घरात येतो आणि दोन मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले की घनता दहा टक्क्यांनी हलते. फणमांसाठी नुसतं कोरडं वजन घ्या, पाण्याच्या फंदात पडू नका.

तराजूला कळत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती महत्त्वाची. 1950-60 च्या दशकांत लेबनॉनमध्ये, बैरूतला, पुरेशा सोन्याच्याच खोट्या गिन्न्या भरपूर पाडल्या गेल्या. वजन बरोबर, सोनं बरोबर, नाणं खोटं. सोन्याच्या भावाने घेतली तर फारसं बिघडत नाही, पण दुर्मीळ साल म्हणून वरचे पैसे मोजले की बुडालो. आपल्याकडे मुंबईच्या गिनीला अशी मागणी असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, फक्त 1918 साली, मुंबईत सॉव्हरिन पाडल्या गेल्या. मागच्या बाजूला, ड्रॅगनला मारणाऱ्या सेंट जॉर्जच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या मधोमध वर, बारीक आय अक्षर असतं. ते धूसर किंवा फुगीर दिसत असेल, कडेचे दाते एकसारखे नसतील, तर घनता साडेसतरा आली तरी थांबा आणि जाणकाराला दाखवा.

मग सराफाकडेच का नेऊ नये? न्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. आमच्या एका मैत्रिणीने 1841 ची मोहोर पेढीवर नुसती खात्री करायला दिली, तर तिथल्या माणसाने विचारायच्या आत कड दगडावर ओढली. सोनं खरं निघालं, पण नाण्यावर कायमचा ओरखडा राहिला आणि संग्राहक आता तिला हात लावत नाहीत. कॅरेट मोजायचं यंत्र ओरखडा पाडत नाही, हे चांगलं. पण ते फक्त वरच्या थराचं सांगतं, जाड मुलाम्याला फसू शकतं. पाणी पूर्ण नाण्याचं सांगतं.

अजून एका कामासाठी हा तराजू घरात असावा. पाया खणताना हंडा सापडला, त्यातली नाणी स्वस्तात देतो, म्हणत येणारी माणसं गावोगाव फिरतात. नमुन्याला एक नाणं खरं देतात, तुम्ही ते तपासून आणता, आणि मग पिशवीभर पितळ गळ्यात पडतं. तपासायचं तर प्रत्येक नाणं तपासा. खरं तर इतकंही करू नका. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ती नाणी खरी निघाली तरी विकत घेणारा गोत्यात येतो. दारातूनच वाटेला लावा.

गिन्न्या, पुतळ्या, होन एवढ्यांसाठी वीस ग्रॅमचा पुरतो. मोहरा जमवत असाल तर थोडे जास्त पैसे घालून पन्नास ग्रॅमचा, तितक्याच अचूकतेचा घ्या. मोहोर पूर्ण बुडवायला मोठं भांडं आणि जास्त पाणी लागतं, आणि तेवढं वजन वीस ग्रॅमच्या तराजूला पेलत नाही.